आडवी वीट

"हात लावून बघा ताई. रिकामी हाय, चावायची नाय," भरत म्हणाला.

निशिगंधाने काचेवर हात ठेवला. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. रोह्याला स्टेशनच्या रस्त्यावर भरतची खानावळ चालू होती तेव्हा ही टाकी दारातच असायची. लोक ताटातली सुरमई खाता खाता टाकीतले मासे बघायचे आणि त्यात त्यांना काही वाटायचं नाही, असं तो हसत सांगत होता. आता खानावळ बंद होती. टेबलं एकमेकांवर पालथी घातलेली, आणि टाकीत दोन छत्र्या, एक परात आणि मखराचं उरलेलं थर्माकोल.

"घेते मी," ती म्हणाली.

जुनी वस्तू विकणाऱ्याला घासाघीस ऐकायची सवय असते. न मोजता, न वाकता कुणी 'घेते' म्हटलं की त्यालाच शंका येते. भरतने आपणहून डाव्या कोपऱ्यातला ओरखडा दाखवला. सांध्यात सिलिकॉन परत भरावं लागेल म्हणाला. खांब गावच्या एका नर्सरीवाल्यालाही टाकी हवी आहे, तो दुपारी फोन करेल, पण तुम्ही आधी आलात, असंही म्हणाला. मग तिच्याकडे नीट बघून त्याने विचारलं, "ठेवणार कुठं? जागा मापलीत का?"

जागा तिने सकाळीच मापली होती. पेणच्या त्यांच्या दोन खोल्यांत पाच फूट सलग भिंत एकच होती, आणि तिथे बाबांची खाट होती. खाट काढावी लागेल, असं तिने आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, खाटेकडे नव्हे, निशिगंधाकडे, आणि पुन्हा सुपात मान घातली. गेले सहा आठवडे आईचं असंच होतं. हो नाही, नाही नाही.

बाबा नगरपालिकेत वॉलमन होते. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी बसवून आळीला पाणी सोडायचं, वेळ झाली की बंद करायचं. एकतीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावरही नळाला नुसती हवा आली की लोक 'केरूमामा' म्हणून त्यांनाच हाक मारत, आणि ते चप्पल शोधत निघत.

माशांचा नाद त्यांना पन्नाशीनंतर लागला. तीन फुटांची टाकी आणि बारा मासे. अकरा रंगीत आणि एक सकर. काचेवरचं शेवाळ खाणारा, काळपट, खरबरीत अंगाचा, ओठांनी काचेला चिकटून राहणारा तो मासा पाहुण्यांना सहसा दिसतच नसे. बाबा त्याला 'आमचा कामगार' म्हणायचे.

नळाचं पाणी ते टाकीत कधी थेट घालत नसत. त्यात जंतू मारायची पावडर असते. ती माणसाला सोसते, माशाला नाही. मोरीतल्या निळ्या ड्रममध्ये पाणी भरून ठेवायचं, पुरता एक दिवस शिळं होऊ द्यायचं, मग टाकीत. "माणसाला ताजं, माशाला शिळं," ते म्हणत. ड्रमच्या झाकणावर एक वीट असे. आज भरलेलं पाणी असलं की वीट उभी. शिळं झालं की आडवी. घरात हे तिघांना ठाऊक होतं. बाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

ते गेले मंगळवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना. त्यांना नेल्यावर आळीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे घरातलं सगळं साठवणीचं पाणी ओतून दिलं. हंडे, कळश्या, पिंप, आणि मोरीतला ड्रमसुद्धा. गुरुवारी नळ आला तेव्हा शेजारच्या चंद्रावतीकाकूंनी, या दोघींना कशाला उठवा म्हणून, न सांगता सगळं भरून ठेवलं. ड्रमवर झाकण घातलं, झाकणावर वीट ठेवली. कुणीही ठेवील तशी. आडवी.

त्याच दुपारी निशिगंधाला टाकी गढूळ दिसली. भेटायला येणाऱ्यांच्या पोरांनी तिच्यात भात टाकला होता. तिने वीट बघितली, अर्धी टाकी उपसली आणि ड्रममधलं पाणी ओतलं. ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होती. ब्लीचिंग पावडरच्या बरणीचं झाकण तिने आयुष्यात शेकडो वेळा उघडलं असेल. पहिली बादली ओततानाच तो वास तिच्या नाकात गेला होता. वास आला, आणि तरी तिने दुसरी बादली ओतली, तिसरी ओतली, कारण वीट आडवी होती, आणि बाबांची वीट कधी खोटं बोलत नसे. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अकरा मासे वर तरंगत होते.

पहिल्यांदा पाहिलं ते चंद्रावतीकाकूंनी. तोंडाला पदर लावून त्या म्हणाल्या, "गेले गो. धन्याच्या मागं गेले." दुपारपर्यंत ते आळीभर झालं. लोक टाकी बघायला येऊ लागले. मुक्या जिवाला कळतं, माणसाला कळत नाही, असं म्हणू लागले. दहाव्याला नदीवर भटजींनीसुद्धा चार माणसांत ते सांगितलं. एक बाई लांबच्या आळीतून आली आणि टाकीपुढे हात जोडून गेली. एकटा सकर जिवंत राहिला होता. त्याला मामांनी राखणीला मागे ठेवलाय, असं ठरलं. आई भिंतीला टेकून हे सगळं ऐकत असायची. निशिगंधा चहाच्या निमित्ताने आत जायची. खरं सांगायचं तर ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पुढे प्रत्येक माणूस येऊन हळहळून गेला तसतसं त्या खऱ्यावर एकेक धोंडा पडत गेला, आणि आता तिला तो ढीग एकटीने उपसणं शक्य वाटत नव्हतं. जेवताना, शाळेत, एसटीत तिला एकदम तो वास यायचा.

सकर आता त्या टाकीत मावत नव्हता. चांगला दीड वीत झाला होता. वळताना त्याचं शेपूट काचेवर आपटायचं आणि तो आवाज आतल्या खोलीत ऐकू यायचा. अशात बाबांच्या मोबाईलमध्ये तिला एका मोठ्या टाकीचा फोटो सापडला, आणि 'रोहा टाकी' या नावाने एक नंबर. म्हणजे बाबांना ही हवी होती आणि राहून गेली. तिला दुसरं काही सुचेना. ही टाकी घ्यायची, खाट काढायची, अकराच्या जागी अकरा सोडायचे. एवढं केलं नाही तर आपण या घरात राहू शकणार नाही, असं तिला खरोखरच वाटत होतं.

"हा फोटो तुम्हीच पाठवला होता ना?" तिने मोबाईल पुढे केला.

भरतने चष्मा चढवला. "मी नाय पाठवला. हा तर केरूमामांनी काढलेला. पेणचे वॉलमन." मग त्याने मोबाईलला गुंडाळलेलं रबर पाहिलं, ते ओळखलं. "तुम्ही त्यांच्या कोन?"

तिने सांगितलं. ते गेले, हेही सांगितलं. भरतने एक खुर्ची उतरवली, फडक्याने पुसली आणि तिच्यापुढे ठेवली. स्वतः उभाच राहिला.

मामा दोनदा येऊन गेले होते. एकदा संक्रांतीच्या आधी, एकदा शिमग्याच्या. पहिल्या खेपेला तासभर बसले. हिला पाणी किती लागतं, विचारलं. साडेपाचशे लिटर म्हटल्यावर काचेवर हात फिरवत बसले. भरतला वाटलं, किंमत जड जाते आहे, म्हणून त्याने आपणहून कमी केली.

"तर म्हणाले, किमतीचं नाय रे. जल्मभर लोकांच्या दारात पानी सोडलं. टोकाच्या आळीला दोन कळश्या कमी पडल्या तरी बायकांच्या शिव्या खाल्ल्या. आता माझ्याच घरात साडेपाचशे लिटर नुसतं बघायला भरून ठेवू? मी म्हटलं, मामा, आता रिटायर झालात की. तर म्हणाले, चावी परत दिली, हात नाय दिले."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा फोटो काढला. म्हणाले, बघायला एवढी पुरे."

निशिगंधाने फोटोकडे पाहिलं. रिकाम्या काचेत बाबा दिसत होते, मोबाईल दोन्ही हातांनी छातीशी धरलेले, मान थोडी वाकडी. इतक्या वेळा फोटो बघून तिला ते दिसले नव्हते.

"तरी मी घेते," ती म्हणाली. "तुम्ही टेम्पोला फोन करा."

"घ्या की. माल माझा, मी कशाला नाय म्हणू?" भरत म्हणाला, पण त्याने खिशातला मोबाईल काढला नाही. "मासे किती हायत घरी?"

"एक."

"कुठला?"

"सकर."

त्याला हसू येत होतं. तिच्या तोंडाकडे बघून ते त्याने गिळलं. "मामा तर बारा सांगायचे."

"बाकीचे मी मारले."

हे असं रोह्यात, पालथ्या टेबलांच्या मध्ये, एका परक्या माणसापुढे बाहेर पडेल असं तिला वाटलं नव्हतं. भरतने तोंडावर कुठला भाव आणला नाही. धंद्यातली गोष्ट विचारावी तसं विचारलं, "पावडरचं पानी?"

तिने मान हलवली.

"माझे पन गेले व्हते. ही टाकी आणली त्या वर्षी. सतरा." तो परातीकडे बघत म्हणाला. "गिऱ्हाइकांना सांगितलं, विकले."

निशिगंधाला रडू आलं. टाकीच्या काठावर कपाळ टेकून ती रडली, आणि तो दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिला. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. पलीकडचा आवाज मोठा होता. खांबचा नर्सरीवाला टाकीबद्दलच विचारत होता. भरतने मोबाईलवर हात ठेवला आणि तिच्याकडे वळून पाहिलं.

तिने डोळे पुसून रिकाम्या टाकीत पाहिलं. पाच फुटांची भिंत, खाट, साडेपाचशे लिटर पाणी, आणि त्याच्यापुढे हात जोडून उभ्या असलेल्या बायका. त्या पुन्हा येतील, हे तिला आत्ता कळलं. मोठी टाकी पाहून तर जास्तच येतील.

"त्यांना द्या," ती म्हणाली. "फक्त विचारा, आमचा सकर त्यात ठेवतील का."

एसटीत तिला खिडकी मिळाली. नागोठणं गेलं, गडब गेलं. तिच्या हातात काही नव्हतं. जाताना जी एक गोष्ट करायची होती तीही आता उरली नव्हती, आणि घरी जाऊन कुठे बसायचं हे तिला समजत नव्हतं.

घरी खाट जागेवर होती. आईने तिच्यावर धुतलेली चादर घातली होती. निशिगंधाने उभ्या उभ्याच सांगितलं की टाकी नाही घेतली. खांबला एक जण घेतो आहे, सकरला तो त्या टाकीत ठेवून घेईल, उद्या टेम्पो खांबला जाण्याआधी इकडे येईल.

"त्याला वळाया येईल तिथं?" आईने विचारलं.

"येईल."

"मग दे."

निशिगंधा पाय धुवायला मोरीत गेली. सकरला न्यायच्या बादलीत पाणी आत्ताच काढून ठेवावं म्हणून तिने ड्रमकडे हात केला, आणि तो तसाच राहिला. झाकणावर वीट उभी होती.

नेमकी मधोमध, बाबा ठेवत तशी ठेवली होती.

"त्यातलं नको घेऊ गो," आतून आई म्हणाली. "आजचं हाय ते. सकाळी भरलंय."

निशिगंधा मोरीच्या कट्ट्यावर बसली. आई दारात आली. तिच्या हाताला तांदळाची पांढरी भुकटी होती.

"आई, त्या दिवशी..."

"मी जागीच व्हते," आई म्हणाली. "तू वतत व्हतीस. वास माज्या पन नाकात गेला." ती ड्रमकडे बघत म्हणाली, "उठवलं नाय मला. म्हंजे, उठाया झालं नाय."

एवढंच. मग ती भात लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो रस्त्यावर येऊन थांबला. चंद्रावतीकाकू कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि राखणदाराला कुठे नेता, म्हणून विचारू लागल्या. निशिगंधा बादली घेऊन मोरीत आली, तर आई तिच्या आधीच तिथे होती. आईने वीट दोन्ही हातांनी उचलली, झाकण काढून पाण्याला नाक लावलं, वास घेतला. झाकण परत घातलं. मग पदराने झाकण पुसलं आणि वीट आडवी ठेवली.

"आता घे," ती म्हणाली.