पत्र्याची जाडी

माझ्या नवऱ्याने माझ्या गाडीचे इंजिन काढले तेव्हा माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता. घोटा मोडून तीन आठवडे झाले होते. मागच्या खोलीच्या खिडकीतून साखळीला लटकलेले एक इंजिन दिसले आणि ते माझे आहे हे ध्यानात यायला अर्धे मिनिट लागले.

घरामागच्या शेडमध्ये दुसरी गाडी होती, थोरल्या दिरांची दोन आसनी उघडी स्पोर्ट्‌स कार. ते गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि वीस वर्षे गंजत राहिली. तिच्यात बसले की पायांखाली जमीन दिसे. गॅरेजवाल्या मिस्त्रींचे मत पडले की त्याच कंपनीची नंतरची एखादी गाडी मिळाली तर तिचे इंजिन, गिअर, ब्रेक हिला बसवता येतील. नवऱ्याने फार लांब शोध घेतला नाही. माझ्या गाडीचा तळही कापून हिला लावला गेला. उरलेला सांगाडा भंगारात गेला.

"तू तीन महिने चालवणार नाहीसच," तो म्हणाला. "तोवर तुला दुसरी बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हटलेली गोष्ट पुढे दिसल्याची नोंद नाही.

पुलांच्या लोखंडाची झीज मोजणे हे माझे सव्वीस वर्षांचे काम. पूल गावाबाहेर असतात आणि तिथे स्वतःच्या वाहनाने जावे, असा खात्याचा नियम आहे. रजा संपेपर्यंत वाहन नसेल तर मला कायमचे कार्यालयात बसवतील, हे मी त्याला सांगितले. पुलांनाही जरा निवांतपणा मिळेल, असे तो म्हणाला. नणंदेने फोनवर विचारपूस केली. "वहिनी, दादाने सवत आणली म्हणे. तीही पत्र्याची."

प्लास्टर निघाल्यावर मी कुबडी घेऊन शेडमध्ये गेले. गाडीच्या नव्या लाल रंगात चेहरा दिसत होता. मी गाडीखाली दिवा धरून जाडी मोजण्याचे यंत्र लावले. सगळे वजन पेलणाऱ्या खालच्या दोन, जुन्याच ठेवलेल्या तुळयांचा पत्रा मुळात दोन मिलिमीटरचा. एकीचा ०.६ भरला. दुसरीवर बोट दाबताच रंगासकट पुट्टी निखळली आणि आतून तपकिरी भुसा गळाला.

मिस्त्री मान खाली घालून हात पुसत राहिले. "बाई, मी साहेबांना बोललो होतो. ते म्हणाले, खाली वाकून कोण बघतंय."

मी नवऱ्याला आकडे दिले. माझे इंजिन जुन्यापेक्षा जड आहे, वेगात एखादा खड्डा लागला तर गाडी मधोमध मोडेल, हेही सांगितले. त्याने आकडे सोडून माझा हेतू तपासला. "तुझी गाडी गेली, म्हणून ही तुझ्या डोळ्यांत खुपते."

यात तथ्य होते. म्हणूनच मी प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजले होते. राग मला होता, यंत्राला नव्हता.

एवढी वर्षे बंद असलेली गाडी रस्त्यावर आणायची तर वाहन तपासणी कार्यालयाचा दाखला लागतो. तिथले निरीक्षक एके काळी माझ्याच हाताखाली मोजमाप शिकले होते. त्यांनी गाडी वरून पाहिली आणि मला फोन केला. घरचीच गाडी आहे, तेव्हा तुमच्या नजरेखालून गेली असेलच, ठीक आहे असे लिहू ना, असे त्यांनी अदबीने विचारले. एक 'हो' पुरला असता. मी आकडे सांगितले आणि ते लिहून घेऊन परत वाचून दाखवायला लावले.

गाडी नापास झाली. दोन्ही तुळया काढल्या तर वरचे काहीच जागेवर राहणार नव्हते, त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्न मिटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "घरातल्या माणसाची गाडी होती. एवढंही झालं नाही तुझ्याकडून?"

"माझी गाडीही घरातल्याच माणसाची होती," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी विषय बदलला असे त्याला प्रामाणिकपणे वाटले असावे.

रजा संपली. मला कार्यालयात खिडकीजवळचे टेबल मिळाले आहे. पुलांवर आता दुसरेच कोणी जातात, आकडे आणून देतात आणि ते बरोबर आहेत असे धरून मी सही करते.