पहिल्या बोलावण्याला हो

शेजारची नित्या चांगली मुलगी आहे. घरूनच कॉम्प्युटरवर काम करते, आणि दुपारी कॉफी केली की ओट्यावरून तमिळमध्ये मला विचारते, "पाटी, कॉफी घेणार?" पाटी म्हणजे आजी. मी म्हणते, "नको गं." ती "सरी", म्हणजे बरं, म्हणते आणि आत जाते. कॉफीचा वास मात्र बराच वेळ माझ्या दारात रेंगाळतो.

तिचं काही चुकत नाही. नको म्हटलं की नको, असंच तिला ठाऊक. आमच्या सासरी तसं नव्हतं. कोणी काही देऊ केलं, कुठे बोलावलं, तर आधी नको म्हणायचं. पुन्हा विचारलं तरी नको. तिसऱ्यांदा विचारलं की खाली बघून, "बरं, तुम्ही एवढं म्हणता तर." पूर्वज तंजावरच्या दरबारात होते, तिथली ही रीत, असं सासरे सांगत. खरंखोटं कोण जाणे. पण कुंभकोणमच्या आमच्या घरात ती श्वासासारखी होती.

माझं माहेर आडुतुरैचं. वडील भात संशोधन केंद्रात नोकरीला. बी उगवलं तर उगवलं, नाही तर नाही, असं त्यांचं बोलणं. त्यामुळे लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला काही कळेना. एकदा सासऱ्यांचे चुलतभाऊ रघुराम आले. सासूबाई म्हणाल्या, "आता जेवूनच जा." ते लगेच म्हणाले, "हो, जेवतो की." मी धावत आत गेले आणि तांदूळ वाढवून घेतला. माझी नणंद मंगला, माझ्याच वयाची, तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

"वैनी, तो तांदूळ डब्यात घाल परत. काका थांबायचे नाहीत."

"अगं, हो म्हणाले ना?"

"म्हणूनच. थांबायचं असतं तर नको म्हणाले असते."

आणि खरंच, दिवेलागणीच्या आधी काका छत्री घेऊन निघून गेले. कोणी त्यांना अडवलं नाही, कोणाला वाईटही वाटलं नाही. ज्याला नाही म्हणायचं आहे, त्यानं समोरच्याला दुखवू नये म्हणून पहिल्या बोलावण्यालाच हो म्हणायचं. हे मला मंगलानं शिकवलं. पुढे ती लग्न होऊन तिरुनीलक्कुडीला गेली, पण आम्हा दोघींचं बोलणं काही तुटलं नाही. सासूसासरे गेले, तिचे यजमान गेले, मग माझे यजमान त्रिविक्रमही गेले. मला मूलबाळ नाही. संध्याकाळी मंगलाचा फोन यायचा, आणि अर्धं बोललं तरी पुरायचं. ज्याच्याशी पूर्ण बोलायला लागावं, असं माणूस मला घरात कधी नकोच होतं. आता मात्र दिवसभर पूर्ण वाक्यं बोलते मी. भाजीवालीशी, बँकेत, डॉक्टरांशी. त्यानं फार थकायला होतं.

या पोंगलनंतर मंगला न्हाणीघरात पडली. तिचा मुलगा प्रवीणकुमार चेन्नईहून आला आणि तिला तिकडेच न्यायचं ठरवलं, असं मला फोनवर कळलं. माझ्याकडे राहायला ये, असं मी त्या दिवशी म्हणाले नाही. अशी बोलावणी फोनवर करायची नसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्यात विड्याची कोवळी पानं गुंडाळली आणि बसनं निघाले. आडुतुरैला उतरून पुढे तिरुनीलक्कुडीपर्यंत ऑटो. वाटेत मनाशी जुळवत होते. पहिल्यांदा सांगायचं, मागची खोली मोकळी आहे, ऊन चांगलं येतं. ती नको म्हणेल. मग सांगायचं, चक्रपाणीच्या देवळातली घंटा अंथरुणातून ऐकू येते. ती पुन्हा नको म्हणेल. तिसऱ्यांदा जे खरं आहे ते सांगायचं. की मंगला, तू गेलीस तर माझ्याशी बोलायला कोणी उरणार नाही.

घरात खोकी बांधलेली होती. प्रवीणकुमार दोरीची गाठ मारत होता. मंगला खुर्चीत बसली होती, निम्मी झालेली. पानांचा तिनं वास घेतला.

"दात राहिलेत कुठे, वैनी?"

"मी कुटून देते की. तुझी जीभ तर शाबूत आहे."

"तीच तर पडली नाही मेली," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

तेवढ्यात तिला उठायचं झालं. प्रवीणकुमारनं दोन्ही काखांत हात घालून तिला उचललं आणि पडद्यामागे नेलं. तो चांगला धिप्पाड आहे, तरी त्याला दम लागला. परत बसवताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

ती नीट टेकल्यावर मी म्हणाले, "मंगला, चेन्नईत काय आहे? माझ्याकडे ये राहायला. मागची खोली मोकळी आहे. ऊन चांगलं येतं."

"हो, येते की, वैनी," ती म्हणाली.

लगेच. हसून. रघुकाका सासूबाईंना म्हणाले होते तसं.

प्रवीणकुमारच्या हातातली दोरी सुटली. "अय्यो, मामी! मी महिनाभर हिला समजावतोय. चेन्नईचं नाव काढलं की नको, नको, नको. आणि तुम्हाला एका शब्दात हो!"

"नको म्हणाली तुला?"

"तीनचारदा तरी. शेवटी म्हणाली, तू एवढं म्हणतोस तर."

मी मंगलाचा हात धरला. "मंगला, नको म्हण."

"मामी, तुम्हीच बोलावताय आणि तुम्हीच नको म्हणायला सांगताय?" तो हसत सुटला.

"मंगला, एकदा तरी म्हण."

"हो म्हटलं ना, वैनी." तिनं माझा हात उलटा केला. मनगटाला पट्टा होता. घागर उचलताना लचकलं होतं, त्याला बरेच दिवस झाले होते. "हा निघाला नाही अजून?"

"निघेल."

"हं."

आत पंखा करकरत होता. मग मी म्हणाले, "बरं. खोली झाडून ठेवते."

"ठेव."

"मग गुरुवारची चेन्नईला जायची गाडी नको सांगू का?" प्रवीणकुमारनं विचारलं.

"राहू दे गाडी," मंगला म्हणाली. "असू दे हाताशी."

निघताना पानं कुटून तिच्या उशाशी ठेवली. दाराशी वळून पाहिलं तर ती भिंतीकडे बघत होती.

खोली मी झाडली. झाडते म्हणाले होते म्हणून. गुरुवारी प्रवीणकुमारचा फोन आला, बिचारा पुन्हापुन्हा माफी मागत होता. आईनं ऐन वेळी विचार बदलला, गाडीत बसलीसुद्धा. मी म्हटलं, असू दे रे, सवड झाली की येईल.

पुढच्या रविवारी चेन्नईहून मंगलाचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "वैनी, इकडे ये चार दिवस. समुद्र बघशील."

"नको गं," मी म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाली, "ये ना. इथे पान कुटून द्यायला कोणी नाही."

"नको. काय म्हणून त्रास सगळ्यांना?"

ती हसत होती, मला ऐकू आलं. मी कपाटातून पिशवी काढली, दोन लुगडी आणि खलबत्ता तिच्यात ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. मी केला तर प्रवीणकुमारनं उचलला. आई झोपली आहे, नवीन औषधानं गुंगी येते. मंगळवारी केला, झोपली आहे. आज सकाळी केला, तर झोपलीच होती.

"काही सांगू का तिला, मामी?"

मी पिशवीकडे पाहिलं. तिसऱ्यांदा विचारायचं तिचं राहिलं होतं.

"उठली की सांग, वैनी म्हणाली, बरं, तू एवढं म्हणतेस तर."

"म्हणजे? ती काय म्हणाली होती?"

"तिला विचारू नकोस. नुसतं एवढंच सांग. जसंच्या तसं."

"सरी, मामी. सांगतो."

"शब्द बदलू नकोस हं."

"नाही बदलत."

"आणि प्रवीण, कुंभकोणमहून सकाळची गाडी तुमच्याकडे किती वाजता पोचते रे?"