शेजारच्या सीटचा पट्टा

रावसाहेबांच्या गाडीचा कॉम्प्युटर अपघातात फुटला आणि तसाच दुसरा कुठे मिळेना. शेवटी त्यांनी त्याच गाडीच्या नव्या मॉडेलचा आणला. त्याचा प्लग जुन्या वायरिंगला बसेना, म्हणून मधला जोड बनवून घ्यायला ते माझ्या तळवलीच्या गॅरेजमध्ये आले. त्यांचा मुलगा म्हणत होता, गाडी भंगारात घाला. मीही तेच म्हटलं असतं. पण त्याच अपघातात, साताऱ्याला गावी जाताना, त्यांची बायको बायजाबाई वारली होती. तिचं अर्धवट राहिलेलं गावी जाणं त्यांना याच गाडीतून पुरं करायचं होतं. मग मी काम घेतलं.

जोड म्हणजे एका टोकाला जुना प्लग, दुसऱ्या टोकाला नवा, आणि मधली एकेक वायर ओळखून सोल्डर करायची. डोकं फिरवणारं काम. एक वायर चुकली की नवा कॉम्प्युटरही जळतो, म्हणून मी कुणाला टेबलाजवळ फिरकू देत नाही. त्यात एक वायर आधीच कुणीतरी कापून टेप गुंडाळलेली निघाली. शेजारच्या सीटच्या पट्ट्याची. नव्या कॉम्प्युटरमध्ये तिला जागाच नव्हती, म्हणून मी ती तशीच सोडली.

रावसाहेब पट्टा लावून स्टीअरिंगवर बसले आणि गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. रावसाहेबांचा चेहरा उजळला. तेवढ्यात समोर शेजारच्या सीटच्या पट्ट्याचा दिवा लागला आणि टूं टूं सुरू झालं.

हा आवाज त्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं तरच होतो, आणि सीट तर रिकामी होती. मी चिडले, आधी स्वतःवरच. मीटर लावून पाहिलं, ती कापलेली वायर कशालाच जोडलेली नव्हती. मग फ्यूज काढला. तरी दिवा विझला नाही, आवाजही थांबला नाही.

रावसाहेब मात्र घाबरले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "तिला पट्टा काचायचा, शर्मिला. लावायचीच न्हाई. आन् ह्यो आवाज माझं डोकं खायचा, म्हनून मीच ती वायर कापून घेतली हुती."

आम्ही गॅरेजवाले रोज कुणाची ना कुणाची ही वायर कापून देतो, चहा पिता पिता.

त्यांनी वाकून शेजारचा पट्टा ओढला. "आता तरी लावून घे गं," म्हणाले आणि तो खटक्यात अडकवला. आवाज थांबला.

पट्ट्याला पीळ पडला होता. तो सरळ करायला मी हात घातला आणि तसाच मागे घेतला. पट्टा सीटला टेकलाच नव्हता. मधे वीतभर जागा सोडून तो ताणलेला होता, आणि श्वास चालावा तसा हळूहळू वरखाली होत होता.

रावसाहेबांनी डोळे पुसले, स्वतःचा पट्टा चाचपला आणि गियर टाकला. मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला सांगू, रडूही येत होतं. मी शेजारच्या सीटच्या खिडकीशी वाकले आणि म्हणाले, "काकी, काकांना हळू चालवायला सांगा."