योन नदीवरचा नवस

धर्मयुद्धाला जायचा नवस म्हणून राजाने स्वतः खांद्यावर कापडी क्रूस शिवून घेतला, ही बातमी मार्सीत पोचली आणि आठ दिवसांत गावातले अकरा पुरुष जेरुसलेमला निघायला तयार झाले. त्यात आंसो नावाडीही होता. प्रवचनाहून घरी येऊन त्याने तांबडा तुकडा आणि सुईदोरा बायकोपुढे ठेवला. ओडिलिन कोबी चिरत होती. तिने तुकड्याकडे एकदा पाहिलं आणि चिरतच राहिली.

तो का निघाला, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी बर्फ वितळून योन फुगली होती. जत्रेहून परतणाऱ्यांना घाई होती, आणि आंसोला नाही म्हणवलं नाही. भर पात्रात नाव कलंडली. तो वाचला, गिरार कुंभाराचा मुलगा, सून आणि एक म्हातारा शिंपी गेले. गावाने त्याला बोल लावला नाही, पण तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती. जेरुसलेमला जाईल त्याची सगळी पापं धुतली जातील, असं प्रवचनात सांगितलं होतं. त्याला तेवढंच ऐकू आलं होतं.

पण लग्न झालेल्या पुरुषाला बायकोच्या संमतीवाचून हा नवस फेडायला जाता येत नाही, असा चर्चचा नियम होता. पाद्रीबाबा विचारायला आले. ओडिलिन नाही म्हणाली. दुसऱ्यांदा आले, तेव्हाही नाहीच.

मग गावाची तोंडं सुटली. ज्यांचे नवरे चालले होते त्या बायका धुण्याच्या घाटावर तिच्याशी बोलेनात. एका सकाळी आंसोला नावेत लोकर आणि चाती ठेवलेली सापडली. बायकांत बसून सूत कात, हा त्याचा अर्थ. ओडिलिनशी त्याने बोलणंच टाकलं होतं.

जूनमध्ये बिशप गावात आले आणि त्यांनी तिला चर्चमध्ये बोलावलं. सगळा गाव जमला. आंसो दाराशी उभा राहिला.

"तू देवाच्या वाटेत उभी आहेस, बाई," बिशप म्हणाले.

"वाटेत नदी उभी आहे, महाराज," ओडिलिन म्हणाली. "जेरुसलेमला जाणारे इथूनच नदी ओलांडतात. माझ्या नवऱ्याच्या जिवाला तीन माणसांचा घोर आहे, आणि ती इथे बुडाली. ते फेडायला त्याला समुद्रापार कशाला धाडता? नवस मोडा म्हणत नाही मी. त्याला इथे पूल बांधायला लावा. त्याला माझी संमती आहे, सगळ्यांसमोर."

बिशपांनी विचारलं, "पूल झाला की तुमची नाव बसेल. खाणार काय?"

"आजही कोबीच खातो, महाराज."

मागे कुणीतरी हसलं. बिशपांनी नवस बदलून दिला.

घरी परतताना आंसो कित्येक दिवसांनी बोलला. "मला विचारलं नाहीस."

"तू तरी कुठे विचारलंस? तुकडा आणून ठेवलास."

मग तो हळूच म्हणाला, "मला जमेल का?"

"नदीचा तळ तुझ्याइतका कुणाला ठाऊक आहे?"

जहागीरदार मात्र अडून बसला. नावेने नदी ओलांडण्याचा कर त्याला मिळत होता; पूल झाला तर तो बुडणार. पण तोही क्रूस घेतलेला, आणि निघण्याआधी त्याला आशीर्वाद हवा होता. लाकूड मिळेपर्यंत चर्चचं दार तुला बंद, असा बिशपांनी निरोप धाडला. तीन आठवडे धुसफुसून त्याने ओकची चाळीस झाडं दिली.

बिशपांनी एक सुतार पाठवला; खांब कुठे टिकतील ते आंसोने दाखवलं. पहिली रांग हिवाळ्यात बर्फाने नेली. त्या दिवशी तो काठावर नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी गिरार कुंभार आला. नाव बुडाल्यापासून त्याने आंसोकडे पाहिलंही नव्हतं. त्याने खांब ओढायच्या दोराचं टोक उचललं आणि ओढू लागला. दुपारी म्हणाला, "दोर ढिला पडतोय तुझा." त्यापुढे तो रोज येऊ लागला.

गेलेल्या दहांपैकी चौघेच परतले. ते तिसऱ्या वर्षी, पुलावरून. धुण्याच्या घाटावरच्या बायका ओडिलिनशी पुन्हा बोलू लागल्या. काही रडल्या, तेव्हा ती त्यांच्याजवळ बसली.

पुढच्या वसंतात योन कधी नव्हे इतकी चढली. झाडं वाहत आली आणि खांबांवर आदळली. आंसो आणि ओडिलिन सकाळपासून काठावर उभे होते. पूल करकरत होता, पण हलला नाही. सूर्य कलला तसं पाणी उतरू लागलं, आणि पलीकडच्या काठावरून एक बाई दोन शेळ्या हाकत सावकाश इकडे आली, जणू खाली नदीच नव्हती.

आंसोने तिला वाट करून दिली. मग बायकोकडे वळून म्हणाला, "चल, भूक लागलीय."