पाणी लागलं

त्या सालात सुंदररावांनी घरात मासे पाळायचं काढलं, तेव्हा गाव हसलं नसतं तरच नवल. धारूरच्या खालच्या अंगाला विहिरींचे तळ उघडे पडलेले, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, मागं राहिलेल्यांची टँकरभोवती घागरी घेऊन झोंबाझोंबी, आणि दूध सोसायटीचे चेअरमन बीडहून दुधाच्या टेंपोत काचेची पेटी घेऊन येतात. बरं, आणली ती आणली, तर पुढं महिनाभर तिच्यात मासा म्हणून नाही. नुसतं पाणी, दगड आणि बुडबुडे. पारावरची टवाळ पोरं म्हणायची, "चेअरमननं पानी पाळलंय बे."

सुंदररावांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. पेटी त्यांनी सुनेसाठी आणली होती. दीप्ती परळीची, बाप थर्मल वीजकेंद्रात नोकरीला, क्वार्टरमध्ये वाढलेली पोरगी. नवरा, म्हणजे सुंदररावांचा भारत, चाकणला कंपनीत. तिथं खोली मिळेपर्यंत तिनं गावी राहायचं असं ठरलेलं. वर्ष होत आलं तरी खोली काही मिळेना, आणि पोरगी वाळत चालली. ताटावरून अर्धपोटी उठायची.

"पानी लागलंय तिला," केसरबाई म्हणाल्या. सुंदररावांच्या मंडळींचं निदान असं झटपट असायचं. बाहेरून आलेली सून सुकली की गावात सगळे हेच म्हणतात, नव्या ठिकाणचं पाणी सोसलं नाही, लागलं. त्यात अगदीच खोटं होतं असंही नाही. त्यांच्या बोअरचं पाणी इतकं जड, की डाळ शिजता शिजायची नाही आणि हंड्याला आतून पांढरी खपली धरायची. मग सुंदररावांनी तिच्यापुरते धारूरहून फिल्टरच्या पाण्याचे जार सुरू केले. पोरगी जारचं पाणी प्यायची आणि होती तशीच राहायची.

एकदा टीव्ही बघताना ती बोलून गेली, आमच्या क्वार्टरमध्ये मासे होते. सुंदररावांनी ते वाक्य उचललं आणि थेट बीडचं दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, नवशिक्याला आफ्रिकेतले सिक्लिड बरे, चिवट जात, दिसायलाही झकास. आणि यांना बोअरचं जड पाणीच मानवतं, हलक्या, गोड्या पाण्यात टिकत नाहीत. सुंदरराव 'बरं बरं' म्हणाले. मनात म्हणाले, विकायला बसलेला माणूस, ह्यो काय बी सांगंल.

पेटी लावली दीप्तीनंच. वाळू धुतली, दगडांवर दगड रचून त्यांच्यात कपारी केल्या. ही जात भांडकुदळ, प्रत्येकाला लपायला जागा पाहिजे, म्हणाली. फिल्टर बसवला, इन्व्हर्टरची वायर तिथवर ओढून घेतली. मासे इतक्यात का नाही, असं सुंदररावांनी विचारलं तेव्हा ती चक्क हसली. "दह्याला विरजण लागतं ना मामा, तसंच हे. फिल्टरच्या स्पंजात चांगले जंतू धरावे लागतात. ते माशांची घाण खातात. ते धरले की मग मासे." दुधात हयात गेलेल्या माणसाला हे चटकन पटलं. सुनेनं सासऱ्याला समजावून सांगावं, हेसुद्धा त्यांना लई गोड वाटलं.

मग मासे आले, हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेजर्द. एक नर आणि बाकी माद्या. दीप्ती दुपारभर पेटीपुढं बसायची. त्या दिवसांत दोन घास जास्त खाते असं सुंदररावांना वाटायचं, आणि वाटलं की दिवसभर त्यांना बरं वाटायचं.

उन्हाळ्याच्या तोंडी तिच्या वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. परळीला निघताना ती केसरबाईंना हळूच म्हणाली, "बघते आत्या. खोली मिळेपर्यंत तिकडंच राहावं म्हणते." सुंदरराव सोप्यात होते, त्यांनी ऐकलं. दुसऱ्याची लेक आणली आणि ती आपल्याला सांभाळता आली नाही, हे त्यांच्या मनाला लागलं. पण उंबऱ्यातून ती मागं वळली. "मामा, मासे सांभाळा. चिमूटभर खाणं टाका. पाणी मात्र बदलू नका, मी आल्यावर बदलीन."

मी आल्यावर. सुंदररावांनी तेवढे दोन शब्द धरून ठेवले. माशांसाठी तरी येईल पोरगी.

पहिला आठवडा बरा गेला. मग एका मादीनं खाणं सोडलं. बाकीचे झडप घालायचे, ही कपारीत बसून राहायची. गालफडं सुजल्यागत फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं. सुंदरराव काचेला नाक लावून बसले. दोन दिवस झाले, चार झाले, ती अन्नाला शिवेना.

"दीप्तीला फोन लावा की," केसरबाई म्हणाल्या.

"कावून? बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय तिच्या, तिला अजून घोर कशाला? मासोळीला काय झालंय ते मला कळतंय. पानी लागलंय तिला."

आता याला काय म्हणावं? विकणाऱ्यानं सांगितलं होतं, सुनेनं बजावलं होतं. पण ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते एवढ्याशा जिवाला कसं सोसेल? घरी आलेल्याला गोडं पाणी द्यावं, एवढंच त्यांना ठाऊक.

गोडं पाणी गावात एकाच ठिकाणी होतं. सोसायटीत कॅन धुवायला लांबच्या तलावाचा टँकर यायचा. त्याच पाण्यासाठी बायका घागरी घेऊन आल्या, तेव्हा सोसायटीचं पाणी सोसायटीलाच, असं ठणकावून सांगणारे हेच चेअरमन. आता त्यांनीच दुधाचे कॅन भरून घरी आणवले. कारकून सटवा नुसता बघत राहिला. त्या बघण्याची सुंदररावांना नंतर फार लाज वाटली, पण ती नंतर.

काम त्यांनी मनापासून केलं. मासे बादलीत काढले, जुनं पाणी सगळं उपसलं. दगड घासले, वाळू धुतली, फिल्टरचा स्पंज पिळून पिळून पांढरा केला. विरजणाची गोष्ट त्यांना आठवली नाही असं नाही. पण इतकं स्वच्छ पाणी असल्यावर घाण होणार कुठून, असं त्यांनी स्वतःला समजावलं. गोड्या पाण्यानं पेटी भरली, मासे सोडले. काच लखलखत होती. त्यांना वाटलं, दीप्तीनं हे बघायला पाहिजे.

संध्याकाळी मासे वर येऊन धापा टाकू लागले. सकाळी सगळे आडवे तरंगत होते. त्या मादीला सुंदररावांनी तळहातावर घेतलं, तसं तिचं तोंड उघडलं आणि आतून ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळी अंडी बाहेर आली. एकेका अंड्यावर डोळ्याचा काळा ठिपका दिसत होता. सुंदररावांनी म्हशींची कितीतरी बाळंतपणं केली होती. काय झालंय ते त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. ते तिथंच खाली बसले आणि पोरासारखे रडले.

फोन करायचा धीर त्यांना झाला नाही. चार दिवसांनी दीप्ती आपली आपणच आली. रिकाम्या पेटीपुढं उभी राहिली. सुंदररावांनी सगळं सांगितलं, सोसायटीच्या पाण्यासकट, काही लपवलं नाही.

"फोन का नाही केला, मामा?"

"तुला घोर नको म्हणून."

"ती आजारी नव्हती. या माद्या अंडी तोंडात धरतात. पिलं सुटेपर्यंत खात नाहीत. मला विचारलं असतं तर एका शब्दात सांगितलं असतं." ती रागावलीही नाही. रागावली असती तर सुंदररावांना सोसलं असतं. "मलाही तुम्ही जार आणले. मायेनंच आणले, मला कळत होतं. पण वर्षभरात एकदा तरी कुणी विचारायचं होतं मामा, की पोरी, तू जेवत का नाहीस."

सुंदररावांनी आठवून पाहिलं. खरंच की. केसरबाईंना विचारलं, धारूरच्या डॉक्टरला विचारलं, भारतला फोन करून विचारलं. एक तिला सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती उरलेले कपडे घेऊन परळीला निघाली. सुंदरराव फाट्यापर्यंत सोडायला गेले. बस लांब दिसायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं.

"पोरी, का जेवत नव्हतीस तू?"

दीप्तीनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. तिचे डोळे भरले होते.

"तेव्हा सांगितलं असतं, मामा," ती म्हणाली. "आता नाही सांगवत."