हाकेला ओ

आमी कामशेतचे गडी पगार घेऊन हुतूतू खेळायचो, हे सांगितलं की लोकं हसत्यात. हसा! पगार शेठचा, पण संघ चाँदभाईंचा. ते आमचे मॅनेजर. कुणी काय खायाचं, कुणी कवा झोपायचं, समदं तेच बघायचे.

त्या साली लोणावळ्यात तळेगावच्या संघाशी फायनल हुती. शेठनं आमच्यादेखत सांगितलं, "चाँदभाई, आज हरलात तर उद्यापासून माझा भाचा मॅनेजर." आन् भाच्याला हुतूतूतलं ओ का ठो कळत न्हवतं!

चाँदभाईंचा भरवसा आमच्या चढाईच्या गड्यावर, नथूवर. पण ते पोरगं झुरत हुतं. पगारावर खेळतो म्हणून बापानं, दत्तोबानं, त्याच्याशी बोलणंच टाकलेलं. "तमासगीर झालाय," म्हणायचा. चाँदभाई आदल्या दिवशी मला घेऊन त्याच्या गावाला, भाज्याला गेले. दत्तोबानं पाणीबी विचारलं न्हाई. चाँदभाई हात जोडून म्हणाले, "आबा, एकदा बघाया तरी या."

फायनल बरोबरीत आली. शेवटची चढाई नथूची. "जीव गेला तरी दम सोडू नगंस," चाँदभाईंनी बजावलं.

नथू "हुतूतू हुतूतू" करत घुसला. तळेगावच्या धटिंगणाला शिवला, वळला. मधली रेघ हातभर ऱ्हायली आन् गर्दीतनं हाक आली, "नथूऽऽ!"

दत्तोबाचा आवाज.

"ओ, आबा!" पोरगं बोलून गेलं.

झालं! रेघंच्या पलीकडंच दम तुटला. गडी मेला, आमी हरलो.

"आरं मुडद्या!" मी बोंबललो. नथू जाग्यावरच थिजला. दत्तोबा गर्दी सारत आला. त्याला खेळातलं काय कळतंय? डोळं पुसत म्हणाला, "त्या रेड्याला शिवलास, म्या बगितलं! जिंकलास न्हवं?"

माझं टाळकंच फिरलं. "चाँदभाई, तुमीच बोलावलंत ह्यांना! भोगा आता!"

"कोंडाजी, गप." मग ते दत्तोबाकडं वळले. "व्हय आबा, जिंकलं तुमचं पोरगं."

संघाच्या कुडत्यांचं गाठोडं त्यांनी तिथंच उभ्या शेठच्या भाच्याच्या हातात दिलं आन् टेसनाकडं चालू लागले.

"चाँदभाई!" नथूनं हाक मारली. मग आमी समद्यांनी मारली. माझाच आवाज लय मोठा हुता.

चाँदभाईंनी ओ दिली न्हाई. तोंड उघडलं असतं तर रडलाच असता माणूस.