बाहेरून पुजलेलं कपाट

“या बाईला कपाट उघडायला आजचाच मुहूर्त सापडला,” चंद्रहास हिमानीबद्दल पुटपुटला, तिला ऐकू जावं असंच.

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकच्या त्या वृद्धाश्रमात वीज गेली, की वरच्या आठ आजी-आजोबांची श्वासाची यंत्रं या कपाटातल्या बॅटऱ्यांवर चालणार होती. देखभाल चंद्रहासच्या कंपनीकडे. हिमानी त्या कंपनीत नवी तंत्रज्ञ. तिने मंगळसूत्र काढून खिशात टाकलं, संरक्षक चष्मा आणि रबरी हातमोजे चढवले, बॅटऱ्यांचा खटका पाडला आणि दार ओढलं.

सडक्या अंड्यांचा भपकारा आला. बॅटऱ्यांची पोटं फुगून तडकली होती, तोंडाशी हिरवट पापुद्रा, खाली चिकट ओघळ. पण तिला खरी शिसारी आली ती दाराची. त्यावर झेंडूची वाळकी माळ, हळदीकुंकवाची बोटं आणि कंपनीच्या तपासणीचा कागद, दर तिमाहीला एक अशा तीन वर्षांच्या बारा सह्यांचा.

“दर खंडेनवमीला पूजा करतो आपण याची,” चंद्रहास म्हणाला. “नारळ फोडून.”

“पूजा पोचली असेल, सर. पण आत कोण डोकावलं?”

“अगं, इथली हवाच दमट...”

“सह्या काय हवेने केल्या?”

तेवढ्यात जिन्यावरून नर्स वाकली. “आज वीज गेली तर चालेल ना?”

चंद्रहासने हसण्यासाठी तोंड उघडलं आणि तो वास त्याच्या घशात गेला. रुमालाने तोंड पुसत तो म्हणाला, “नाही चालणार. तीन वर्षं आम्ही हे दार उघडलंच नाही.”